बोट न लावलेला डबा

"हिचा उजवा कोपरा परत पाझरतोय. टाकी कसली, सर्दी झालेली म्हातारी आहे नुसती!" असं पुटपुटत ब्रिनने माझ्या कोपऱ्याखाली कागदी रुमालाची घडी सारली.

मित्रांनो, ती म्हातारी म्हणजे मी. मी एक जुनी काचेची टाकी आहे. ब्रिनचा मला राग नाही. शिक्षिका व्हायला शिकणारी एकवीस वर्षांची पोर ती. तिच्या वयाची असताना मीही गळत नव्हते.

माझा जन्म खरं तर माशांसाठी झाला. अमेरिकेत, ओहायोतल्या एका कारखान्यात पाच काचा एकमेकींना चिकटवून मला उभं केलं, आणि आयोवातल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे मी नोकरीला लागले. बाहेरच्या खोलीत माझ्या पोटात नऊ सोनेरी मासे फिरायचे आणि दाढ ठणकणारी मुलं मला बघून घटकाभर रडायची थांबायची. काय कौतुक होतं माझं! मग डॉक्टरांनी भिंतीवर टीव्ही लावला. मासे कुणी तरी नेले, आणि जुन्या सामानाच्या विक्रीत मी अंगणात एका मोडक्या खुर्चीशेजारी दिवसभर उन्हात बसले. संध्याकाळी ओडेगार्डबाईंनी मला उचललं, तेव्हा माझ्यात पाण्याऐवजी मॅपलची वाळलेली पानं होती.

ओडेगार्डबाई कॉलेजात शिकवतात. कुणाला? तर उद्या जे शिक्षक होणार आहेत त्यांना. लहान मुलांना विज्ञान कसं शिकवायचं, ते त्यांच्या वर्गात शिकायचं. बावीस वर्षं मी हा वर्ग बघते आहे. चांगली मोठी माणसं येतात, कुणी बँकेत काम केलेली, कुणी चार पोरं वाढवलेली. आणि विज्ञान म्हटलं की मागचा बाक शोधतात. भीती प्रयोगाची नसते हो. भीती एकच: मुलांनी काही विचारलं आणि उत्तर आलं नाही तर?

माझा ठरलेला प्रयोग सोड्याच्या, म्हणजे थंड पेयाच्या, दोन डब्यांचा. बंद डबे, सारख्याच मापाचे. एक साखरेचा, एक बिनसाखरेचा. पाण्यात सोडले की साखरेचा जड म्हणून तळाला जातो, बिनसाखरेचा तरंगतो. मुलं टाळ्या पिटतात. पण मित्रांनो, एक गुपित सांगते. कधी कधी साखरेचा डबा बुडतच नाही. हट्टाने वर बसून राहतो. मग शिक्षक काय करतात? "आता नीट बघा हं," असं हसत म्हणतात आणि एका बोटाने त्याला हळूच टोचतात. डबा तिरका होतो, बुडतो, पुस्तकाचं म्हणणं खरं ठरतं. वरून कुणाला कळत नाही. पण मी काच आहे. बावीस वर्षांत किती बोटं पाहिली, विचारू नका.

तर ब्रिनने रुमाल सारला, त्या दुपारी मार्नी क्लोस्टरची रंगीत तालीम होती. मार्नी चव्वेचाळीस वर्षांची. सतरा वर्षं तिने शाळेच्या जेवणघरात मुलांना वाढलं, आणि एके दिवशी ठरवलं, आता शिकवायचं. वसंतात तिचा परीक्षेचा पाठ झाला होता. एका मुलाने विचारलं, "बर्फ वर का येतो?" मार्नी आधी लाल झाली, मग म्हणाली, "ते आजच्या पाठात नाही." नापास. आता दुसरी संधी, आणि शेवटची. उद्या सकाळी, तिसरीच्या वर्गात.

"या वेळी मी पक्की तयारी केलीय," मार्नीने पिशवीतून कार्डांचा गठ्ठा काढला. "मुलं जे जे विचारतील त्याची उत्तरं. एकशे चौदा!"

"अगं बाई, तू शिकवायला चाललीस की निवडणुकीला उभी राहतेस?" ब्रिन म्हणाली.

"हस तू. तुला कुणी नापास केलं नाही अजून."

मार्नीने साखरेचा डबा सरळ धरून माझ्यात सोडला. आणि काय सांगू, डबा तरंगला! मार्नीच्या तोंडचं पाणीच पळालं. ती भराभरा कार्डं चाळू लागली.

"घाबरू नकोस," ओडेगार्डबाई म्हणाल्या, आणि त्यांनी बोट लावलं. डबा तळाला गेला. "असं. सगळे असंच करतात."

"पण बाई, तो तरंगला का?" ब्रिनने विचारलं.

"वेळ कुठे आहे आता? पुढचा मुद्दा घे, मार्नी." ओडेगार्डबाई चष्मा पुसू लागल्या. चष्मा स्वच्छच होता.

मी मनात ओरडत होते. अहो, खालून बघा! डब्याच्या खोलगट बुडाशी हवेचा बुडबुडा अडकलाय! बोटाने डबा कलतो आणि बुडबुडा सटकतो! पण काचेला आवाज कुठला? काचेने फक्त दाखवायचं. बघायचं की नाही, ते बघणाऱ्याच्या हातात.

दुसऱ्या दिवशी मार्नीने मला गाडीत शेजारच्या सीटवर बसवून चक्क पट्टा बांधला. "म्हातारे, आज गळू नकोस हं," म्हणाली. मित्रांनो, मला लागतं तरी काय? काम झालं की साधं पाणी, मऊ फडकं, आणि अडगळीत टाकू नका एवढंच. त्या दिवशी तर सडकेच्या दोन्ही बाजूंनी मक्याची शेतं पळत होती आणि माझ्या पाचही काचा आनंदाने थरथरत होत्या. बारा वर्षांत मी खऱ्या मुलांसमोर गेले नव्हते!

आम्ही वर्गात शिरलो आणि एकच गलका झाला.

"अरे, या तर जेवणघरातल्या बाई!"

"बाई, आज पिझ्झा आहे?"

"आज विज्ञान आहे," मार्नी म्हणाली, "आणि ते तुला दोनदा घ्यायला मिळेल, चेस्टर. पिझ्झा कधी दिला होता का दोनदा?"

मुलं खिदळली. मागे परीक्षक हॅल्व्हरसनसाहेब मांडीवर कागद घेऊन बसले होते. तेही किंचित हसले. त्यांच्या शेजारी ओडेगार्डबाई, पर्स घट्ट धरून. मुलं माझ्याभोवती दाटली. अठरा नाकं काचेला चपटी झाली, अठरा श्वासांची वाफ माझ्यावर धरली. असं कौतुक मासे असतानाही झालं नव्हतं!

"सांगा, काय होईल?"

"बुडेल!" "तरंगेल!" "फुटेल!" हे शेवटचं चेस्टरचं.

बिनसाखरेचा डबा तरंगला. मुलं ओरडली. मग मार्नीने फळ्यावर 'साखरेचा बुडतो' असं लिहिलं आणि तो डबा सोडला. तो खाली गेला, डुचमळला, आणि वर आला. वरच राहिला.

"पण बाई," पालोमा नावाची मुलगी म्हणाली. ती गुडघ्यांवर बसली होती, तिचे डोळे अगदी पाण्याच्या पातळीला. "तुम्ही फळ्यावर लिहिलंय, हा बुडतो. मग हा का तरंगला?"

मार्नीचा डावा हात कार्डांकडे गेला. त्या एकशे चौदांत हे नव्हतं. हॅल्व्हरसनसाहेबांनी पेन उघडलं. मागून ओडेगार्डबाईंनी तर्जनी उचलून हवेत हळूच खाली दाबली.

मार्नीचं बोट पाण्यावर आलं. त्याचं टोक ओलं झालं. काचेपलीकडून पालोमा त्या बोटाकडे बघत होती, पापणी न हलवता.

बोट थांबलं. मार्नीने ते बाहेर काढलं आणि स्वेटरला पुसलं. मग ती हळूहळू खाली बसली, पालोमाशेजारी, फरशीवर, आणि तिनेही आपलं नाक माझ्या काचेला लावलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी शिक्षक खालून बघत होता.

"पालोमा," ती म्हणाली, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "मला माहीत नाही."