कस्तुरीचं कार्ड

एकतीस वर्षं मी बँकेत नोकरी केली, खिडकीच्या आतल्या बाजूला बसून. समोर उभं राहून वैतागणाऱ्या माणसांबद्दल मला तेव्हा काडीचं प्रेम नव्हतं, हे आज कबूल करते. आता चार महिने मी त्याच खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभी आहे, आणि त्यातल्या एकेकाची घरी जाऊन माफी मागावीशी वाटते.

काम म्हणाल तर एका ओळीचं. माझ्या भावाची मुलगी कस्तुरी, वय सव्वीस, हिला तिच्या नावाचं एटीएम कार्ड हवं आहे. जन्मली तेव्हा सगळ्यांनी तिला मुलगा समजून नाव ठेवलं होतं. ते नाव मी इथे लिहिणार नाही आणि कुणी विचारलेलं मला खपत नाही. कस्तुरीनं सगळं रीतसर केलं. डीएम, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या, ऑफिसात खेटे घालून प्रमाणपत्र आणलं, आधार बदललं, पॅन बदललं. राहिलं ते हे बोटभर प्लॅस्टिक.

‘कार्डाचं काय एवढं, रोख पैसे घेऊन हिंड म्हणावं,’ असं मला इकडे उत्तरेत, दूधविनायकच्या आमच्या मराठी गल्लीतल्या तीन बायकांनी सांगून झालं आहे. त्यांना मी लखनौची हकिकत ऐकवते. कस्तुरी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. लखनौच्या एका मोठ्या इस्पितळात तिला मुलाखतीला बोलावलं होतं. आदल्या दिवशी पोचायची गाडी रद्द झाली म्हणून ती सकाळी पोचली, आणि आंघोळ करून कपडे बदलावेत म्हणून हॉटेलात गेली. काउंटरवरच्या माणसानं आधार बघितलं, कार्ड बघितलं, दोन्ही शेजारी शेजारी धरली आणि मोठ्यानं विचारलं, “ये कार्ड किसका उठा लाई?” मग मॅनेजर आला, मग पोलीस आला. प्रमाणपत्र दाखवलं तर ते वाचायला आणखी एक पोलीस आला. सगळं निस्तरलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि मुलाखत अकराची होती. 

फोनवरून पैसे द्यावेत तर समोरच्याच्या फोनवर तेच जुनं नाव उमटतं. मग तो मान वर करून बघतो, पुन्हा फोनकडे बघतो. चप्पल घ्यायची म्हटलं तरी ही वरात.

आता भोपाळहून बोलावणं आलं. अठरा तारखेला मुलाखत. कस्तुरी म्हणाली, “आत्या, कार्ड आलं तरच मी जाईन. त्या काउंटरपुढे मी परत उभी राहणार नाही.” तिला धीर देण्याच्या भानगडीत मी पडले नाही, कारण तिचं बरोबरच होतं. मी चष्मा शोधला, पिशवी घेतली आणि तिला म्हटलं, चल.

चार महिन्यांत आधीच चार खेपा झाल्या होत्या; पहिल्या खेपेला सर्वर डाउन होता. दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला फॉर्म जुना निघाला. नवा फॉर्म छापून आला तेव्हा कस्तुरीच्या नावामागे संगणकानं आपण होऊन ‘श्री’ लावलं होतं, आणि ते काढायचा अधिकार म्हणे शाखेला नाही. मग ‘श्री’ लावायचा अधिकार कुणी दिला? दुसऱ्या बँकेत नवंच खातं उघडू म्हणून गेलो, तर त्यांच्या यंत्रानं पॅनवरून जुनं खातं हुडकून काढलं आणि सांगितलं, आधी तिथलं नाव नीट करून या.

खिडकीत कुणाल नावाचा तरुण होता. वाईट नव्हता, फक्त प्रत्येक कागदाला घाबरायचा. या पाचव्या खेपेला तो अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, “मैडम, सरनेम बदलता है, वो तो रोज़ का काम है. यहाँ तो पहला नाम ही बदल गया. हम कैसे मान लें कि आदमी वही है?”

“आदमी नहीं है, बेटा. वही तो लिखा है.”

“मतलब, कस्टमर.”

तेव्हा मात्र माझा पारा चढला. मी त्याला माझं स्वतःचं पासबुक दाखवलं. म्हटलं, हे नाव वाच. शरदिनी. मी जन्माची पद्मा. आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. मला पद्मा म्हणून मांडवात नेलं आणि शरदिनी म्हणून बाहेर आणलं. आठ दिवसांनी मी याच बँकेत लग्नपत्रिका घेऊन आले आणि माझं नाव, वडलांचं नाव, आडनाव अशी तिन्ही नावं संध्याकाळच्या आत बदलून मिळाली. माणूस तोच आहे का, असं कुणी विचारलं नाही.

“आपके यहाँ पहला नाम भी बदल देते हैं?” कुणालचे डोळे मोठे झाले.

“बदल देते हैं. और मुझसे किसी ने पूछा तक नहीं. इसने तो खुद सोचकर रखा है.”

माझा भाऊ मला अजून पद्माताई म्हणतो, आणि खरं सांगायचं तर ते ऐकून बरं वाटतं. कस्तुरीला जुन्या नावानं हाक मारली तर तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरतं. नाव जुनं की नवं हा प्रश्नच नाही. ज्याचं नाव त्याला विचारायचं असतं, एवढं साधं आहे. पण एवढं साधं असलेलं कुठल्याच फॉर्मवर नसतं.

कुणालला ते पटलं असावं, कारण तो मन लावून खातं बघायला लागला. आणि मग त्यानं मान वर केली ती मेल्यासारखी. खातं जोडखातं होतं. दुसरा खातेदार, रत्नाकर पंचनदीकर. जोडखात्यात एकाचं नाव बदलायचं तर दोघांनी समोर येऊन सही करायची. हा नियम मी एकतीस वर्षं लोकांच्या तोंडावर फेकला होता. आणि हे खातं, कस्तुरी बारा वर्षांची असताना, माझ्याच हातानं मीच उघडलं होतं. फॉर्मवर अक्षर माझं. दुसऱ्या कुणाची चूक असती तर मी तिथे बँक डोक्यावर घेतली असती. आता कुणाला बोलू?

कस्तुरीनं माझ्या हातातून पिशवी घेतली. “चल आत्या. राहू दे.”

“राहू दे काय राहू दे? अजून दहा दिवस आहेत.”

“बाबा येणार नाहीत.”

रत्नाकर माझा धाकटा भाऊ. दुर्गाघाटावर राहतो, पौरोहित्य करतो. माझ्या घरापासून त्याचं घर चालत सात मिनिटं. कस्तुरी तीन वर्षांपूर्वी त्या घरातून बाहेर पडली ती माझ्याकडे आली, तेव्हापासून तो तिच्याशी एक अक्षर बोललेला नाही. गल्लीत समोरासमोर आली तर तो भिंतीकडे तोंड करून तिला जाऊ देतो. आमच्या गल्ल्या इतक्या अरुंद की त्यासाठी त्याला पोट आत घ्यावं लागतं.

मी गेले तेव्हा तो दुसऱ्या दिवशीच्या कामाची सुपारी निवडत बसला होता. मी आल्या आल्या सहीचं सांगितलं.

“ताई, ते नाव मी पत्रिका मांडून काढलं होतं,” तो म्हणाला. “रात्रभर बसलो होतो. त्यानं ते फेकून दिलं.”

“तिनं.”

“नाव फेकलं म्हणजे बाप फेकला. अब साइन करने के लिए बाप याद आया?”

“पत्रिका तू मांडलीस. कानात कुणी सांगितलं?”

त्यानं सुपारीत मान घातली. आमच्याकडे बारशाला बाळाचं नाव त्याच्या कानात सांगायचा मान आत्याचा, म्हणजे बापाच्या बहिणीचा. आणि रत्नाकर या बाबतीत महाकर्मठ. मागे नागपूरची काही मंडळी बारशासाठी आली होती, तर आत्याची गाडी उशिरा म्हणून यानं पाळण्यातल्या बाळासकट सगळ्यांना तीन तास ताटकळत ठेवलं होतं.

“बोल की,” मी म्हटलं. “मी सांगितलं होतं. मी तिची आत्या. माझी चूक झाली, मी चुकीचं नाव सांगितलं. गेल्या दिवाळीत तिला जवळ बसवलं आणि कानात बरोबर नाव सांगितलं. मान माझा होता, मी तो वापरला. आत्यानं चूक सुधारू नये असं तुझ्या पोथीत कुठे असेल तर दाखव, मी या क्षणी उठून जाते.”

त्याला ते पटलं असं मी म्हणणार नाही. पण त्यानं सुपारी बाजूला सारली आणि पाठ असलेली पोथी पुटपुटत धुंडाळली. पोथीत मनाई सापडली नाही, आणि माझा भाऊ पोथीबाहेर भांडत नाही. शेवटी म्हणाला, “गुरुवारी येतो. सही करेन. बोलणार नाही.”

“तुझ्या बोलण्याला बँकेत रकाना नाहीच,” मी म्हटलं.

गुरुवारी तो आला. धोतर, उपरणं, कपाळाला गंध. मी मध्ये, तो डावीकडे, कस्तुरी उजवीकडे. कुणालनं उठून त्याला नमस्कार केला आणि फॉर्म पुढे सरकवला. “पंडितजी, पढ़कर साइन कर दीजिए.”

रत्नाकरला काहीही मनात वाचता येत नाही. जन्मभर मोठ्यानं म्हटलेलं. त्यानं चष्मा लावला आणि पुटपुटत सुरुवात केली, “खाता संख्या... शाखा... आवेदक का नया नाम, कस्तुरी रत्नाकर...” तिथे तो थांबला. परत पहिल्यापासून वाचलं. परत तिथेच थांबला.

या मधल्या नावावरून मी कस्तुरीशी कडाडून भांडले होते. म्हटलं होतं, इकडचे लोक लावतात तशी दोनच नावं लाव. ज्यानं तुला भिंतीकडे तोंड करून दाखवलं त्याचं नाव कशाला पोटाशी धरतेस? तिनं ऐकलं नाही. प्रमाणपत्रावर तेच घातलं, आधारवर तेच घातलं.

“मैडम, एक दिक्कत है,” कुणाल स्क्रीनकडे बघत म्हणाला.

“अब क्या?”

“कार्ड पर पच्चीस अक्षर आते हैं. तीनों नाम नहीं बैठ रहे. बीच वाला काट दें? सब वही कटवाते हैं.”

 रत्नाकरनं फॉर्मवरची नजर न काढता मला विचारलं, “ताई, माझं नाव का ठेवलंय?”

“मला काय विचारतोस? माझ्या पलीकडे ती उभी आहे. तिला विचार.”

आणि मी चक्क मागे सरकले. आता त्या दोघांच्या मध्ये काही नव्हतं. मागे रांग वाढली होती, कुणीतरी “पंडितजी, ज़रा जल्दी” म्हणालं. रत्नाकर तिच्याकडे वळला. हजार माणसांसमोर न अडखळता मंत्र म्हणणारा माणूस इथे अडला. विचारायचं तर आधी हाक मारावी लागते, आणि हाक मारायला नाव लागतं. त्यानं उपरण्यानं ओठ पुसले.

“कस्तुरी,” तो म्हणाला. “माझं नाव का ठेवलंस?”

मला वाटलं पोरगी आता रडणार. पण ती रडली नाही. ती कावली होती, चार महिन्यांची, तीन वर्षांची कावलेली होती, आणि ते सगळं तिच्या आवाजात आलं. “मला नाव बदलायचं होतं, बाबा. बाप बदलायचाय असं मी कधी म्हटलं?”

मग ती कुणालकडे वळली. “पंचनदीकर काट दीजिए. बाकी दोनों रहने दीजिए.”

पंचनदीकर म्हणजे सात पिढ्यांचं नाव, रत्नाकर ते घाटावर छाती काढून सांगतो. तो सही करायला वाकला आणि त्याला रकानाच दिसेना. पेन कागदावर इकडे तिकडे फिरत राहिलं. “अरे, खाली, खाली,” मी ओरडले, पण मलाही काही दिसत नव्हतं. कस्तुरीनंच पुढे होऊन त्याचा हात धरला आणि सहीच्या जागी नेऊन ठेवला.