डाग घरी घासू नये

१९६३ साली, थंडी संपता संपता, लॉंड्रीवाल्या बाईने बाप्तिस्मा घेतला. त्याआधी नऊ वर्षं ती चर्चचे बाप्तिस्म्याचे पांढरे झगे धूत होती, म्हणजे पाण्याशी तिचं वाकडं नव्हतं. वाकडं होतं ते स्वतःशीच.

आईने शेवटच्या आजारात तिला तीनदा निरोप धाडला होता. दुकानात हॉटेलच्या चादरींचा ढीग पडलेला. ‘एवढं उरकते आणि निघते,’ म्हणत ती राहिली. चौथ्या निरोपात घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चर्चचे पाद्री दरवर्षी बाप्तिस्म्याचं विचारत. ती दरवर्षी म्हणे, “आधी जरा माणसांत येऊ द्या मला.” तोवर ती उपास करी, आजाऱ्यांचे कपडे फुकट धुई. मन होतं तिथेच.

एके सकाळी शाळेतले मास्तर पांढरा सदरा घेऊन आले. नाकाचा घोळणा फुटून छातीवर रक्त सांडलेलं; ते त्यांनी घरी कढत पाण्यात घासलेलं.

“मास्तर, हा शहाणपणा कुणी सांगितला?”

“इतका घाण सदरा तुमच्यापुढे टाकायची लाज वाटली, बाई. म्हटलं, जरा बरा करून न्यावा.”

“रक्ताला गरम पाणी! आता बसला डाग पक्का. लाज कसली? घाण होते म्हणून तर दुकान आहे. असेल तसा आणून टाकायचा आणि पुढचं माझ्यावर सोडायचं!”

मास्तर खाली मान घालून गेले. इस्त्रीच्या टेबलापाशी नणंद उभी होती.

“वहिनी, पुन्हा म्हणा बरं.”

“काय?”

“आत्ता मास्तरांना सुनावलंत ते. नऊ वर्षं तुम्ही दुसरं काय करताय? घरीच घासताय.”

“वन्सं, तोंड आवरा. इस्त्री जळेल.”

“कपडा जळेल. इस्त्री कशी जळेल?”

बाईने सदरा गार पाण्यात भिजत घातला आणि दुपारी पाद्र्यांकडे गेली. ते अंगणात सायकलची चेन बसवत होते.

“पाद्रीबाबा, मी काही सुधारले नाही.”

“बरं, मग?”

“मग अशीच येऊ?”

त्यांनी काळे हात फडक्याला पुसले. “दुसरं कसं येतं कुणी?”

रविवारी नणंदेने झगा इस्त्रीला मागितला. बाईने दिला नाही, चुरगळलेलाच घातला. पाणी गार होतं. बुडी घेऊन वर आल्यावर रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही; भूक लागली. घरी येऊन ती पोटभर जेवली आणि दिवे लागेपर्यंत झोपली. पुढे कुणी विचारलं तर म्हणे, “क्षमा मी कमावलेली नाही, म्हणून ती हरवायची धास्तीही नाही.”

पाद्री दोन वर्षांनी वारले. मास्तरांनी तो डागाळलेला सदरा कोटाखाली निवृत्तीपर्यंत वापरला. नणंदेने चाळिशी उलटल्यावर एका बसचालकाशी लग्न केलं आणि दूरच्या गावी त्यालाही कधी बोलू दिलं नाही. बाई शहात्तराव्या वर्षी गेली. आईबद्दल ती शेवटपर्यंत बोलत असे, हसत असे. शेवटच्या आजारात तिने नणंदेला निरोप धाडला. नणंद पहिल्याच निरोपाला आली, बसच्या धक्क्यांना नावं ठेवत.