सदतीस वलयं

फणस माजघरात आडवा पडला त्याला आठ दिवस झाले होते, आणि तो अजून जाड होत होता. विश्राम मेस्त्री रोज सकाळी दोरी लावून त्याची जाडी मोजी, ती आदल्या दिवसापेक्षा वीतभर जास्त भरे. झाड मुळासकट उपटलेलं होतं, पानं वाळून पडवीत गोळा झाली होती, तरी खोडाने आपलं काम सोडलं नव्हतं. "सवय असते," सुहासिनी पलीकडून एवढंच म्हणाली होती.

सुहासिनी त्याची बायको. झाड कोसळलं तेव्हा ती स्वयंपाकघरात होती आणि तो पडवीत. मधलं माजघर खोडाने भरून टाकलं. घराला वळसा घालून मागल्या दारी जावं, म्हणून विश्राम पहिल्याच दिवशी निघाला. गोठा, न्हाणीघर आणि केळी ओलांडून तो ज्या दाराशी पोहोचला, ते पुढचंच दार होतं. शेजारचा इनास उलट्या अंगाने निघाला, तो थेट स्वतःच्या घरी पोहोचला आणि जेवूनच परत आला.

विहीर पुढच्या बाजूला होती, चूल मागच्या. खोड आणि वासा यांच्यामधल्या फटीतून विश्राम पाण्याची कळशी आत सरकवी आणि सुहासिनी भाताचं ताट बाहेर देई. चौथ्या दिवशी कळशी अडकली, मग तांब्या सुरू झाला. फट रोज दोन बोटं कमी होत होती. ती मिटली की पलीकडे पाणी संपणार, हे दोघांनाही दिसत होतं. म्हणूनच ते त्याविषयी बोलत नव्हते.

विश्रामचा साखळीचा कटर जुना, घरगुती, झावळ्या आणि जळण तोडण्यापुरता. अकरा वर्षं त्याने तक्रार न करता काम केलं होतं, पण ताकद अडतीस सीसीची. दिवसभर चालवला की खोडात वीतभर खाच पडे, आणि रात्रीतून खोड वीतभर वाढे. खाच खोल होत होती, पण पलीकडचा काठ जिथल्या तिथेच राहत होता.

खाच माणूस वाकून आत शिरेल एवढी झाली, तेव्हा विश्रामला एक गोष्ट आढळली. आत गेलं की चष्मा लागत नसे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचंही आठवत नसे. बाहेर आलं की ऑपरेशन आठवे आणि चष्मा शोधावा लागे. त्याने तीनदा आतबाहेर करून पाहिलं. मग कोयत्याचं टोक टेकवत खोडाच्या पडताना तुटलेल्या टोकावरची वलयं मोजली. सदतीस भरली. खोड फुगत होतं, ते वलयं रुंद होऊन. त्यांची संख्या वाढत नव्हती. ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीचं, आणि खाच दोन वलयं आत गेलेली: दोन वलयं आत म्हणजे दोन वर्षं मागे. विश्रामला भीती वाटली नाही. एखादं बिघडलेलं यंत्र उघडावं आणि आतली रचना आपण धरून चाललो होतो त्याहून सोपी निघावी, तसं त्याला वाटलं.

त्याने हे फटीतून सुहासिनीला सांगितलं. मग तिने विचारलं, "आपल्या लग्नाला किती झाली?"

"एकतीस."

"म्हणजे गाभ्याजवळची सहा वलयं आपण एकमेकांचे कुणीच नसू."

"गाभा ओलांडला की पुन्हा असू."

"ओलांडलात तर. तिथे पोहोचल्यावर कशासाठी कापताय तेच आठवलं नाही, तर कटर खाली ठेवून बसाल. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. काम कुणाचं ते कळल्याशिवाय तुम्ही पान्याला हात लावत नाही."

हे खरं होतं. त्यावर वेगाने जाणं हा एकच उपाय विश्रामला सुचला. विसरण्याच्या आत पलीकडे निघायचं, तर इंजिन मोठं हवं.

इनासकडे लाकूडतोडीच्या एका ठेकेदाराने टाकून दिलेला मोठा कटर होता. त्याचं कवच फुटलं होतं, पण आतलं बासष्ट सीसीचं इंजिन शाबूत होतं. देताना इनास म्हणाला, "इंजिन मोठां बसवशीत, पण हात तेच रवतले, मेस्त्री." विश्रामने आपले तेच ते हात पाहिले आणि तो ते इंजिन आपल्या कटरच्या कवचात बसवू लागला. चार बोल्टांपैकी दोन जागेवर बसले, दोन सुपारीभर बाजूला राहिले, त्यांच्यासाठी त्याने लोखंडी पट्टी कापून जोड केला. क्लच नव्याचा घेतला. साखळीला तेल पोहोचवणारा पंप जुन्याचाच ठेवला, कारण नवा आत मावेना. साखळी त्याने फटीतून सुहासिनीला दिली. कानस लावण्याचं काम तीस वर्षं तिचंच होतं. तिने दात न् दात लखलखीत करून दिला. दोरी ओढली तेव्हा त्या लहान कवचातून असा आवाज निघाला की कौलांवरची धूळ झडली.

"जुनं इंजिन काय केलंत?" तिने विचारलं.

"पडलंय."

"टाकू नका. जोडजाड करून मला द्या, साखळीची लहान पट्टी लावून. मी या बाजूने येते. दोघांनी कापलं तर वाट निम्मी."

त्याने इनासच्या फुटक्या कवचाला पत्रा ठोकून त्यात जुनं इंजिन बसवलं. ते फटीतून जेमतेम गेलं. एक बाजू खरवडली. फट बोटभर उरली तेव्हा सुहासिनीने दुसरी गोष्ट सांगितली. शेजारी गेलेलं भांडं परत येतं, ते त्याच्यावर नाव असतं म्हणून. तेव्हा तिच्या यंत्रावर ती त्याचं नाव कोरणार होती, आणि त्याने आपल्या यंत्रावर तिचं कोरावं. आठवण गेली तरी नाव वाचता येईल, आणि दुसऱ्याची वस्तू ज्याची त्याला पोहोचवावी एवढं तर माणूस कुठल्याही वयात शिकलेला असतो. सुहासिनी तोंडाने त्याचं नाव घेत नसे, पण घरातल्या प्रत्येक पितळी डब्यावर तिनेच ते खिळ्याने टोचून लिहिलं होतं. विश्रामला ही युक्ती फार आवडली.

त्याने इंजिनाच्या झाकणावर खिळा टेकवला. एकतीस वर्षांपूर्वी ताटातल्या तांदळांत अंगठीने हेच नाव त्याने लिहिलं होतं. ते त्यानेच निवडलं होतं. तिचं माहेरचं वत्सला हे नाव त्या तांदळांखाली गेलं, आणि नंतर ते उच्चारायची वेळ कधी आली नाही. आता त्याने सावकाश, रेघ न हलवता 'सुहासिनी' कोरलं. एकही अक्षर वाकडं आलं नाही.

"लिहिलंत?" ती पलीकडून म्हणाली.

"लिहिलं. ताटात लिहिलं होतं अगदी तसंच."

"अहो, थांबा," ती म्हणाली, "ते नाही, ते..." आणि फट मिटली.

विश्रामने खोडाला कान लावला. आत काहीच ऐकू आलं नाही. मग फार दुरून, चोक अर्धा ओढल्यावर ते जुनं इंजिन खोकतं तसं खोकलं आणि चालू झालं. त्यानेही दोरी ओढली.

नवं इंजिन लाकडात पाण्यासारखं शिरलं. पहिली दहा वलयं त्याने उभ्याने कापली. पाठदुखी सातव्या वलयात सुटली, दाढी बाराव्यात काळी झाली. पिवळाजर्द भुसा गुडघ्यापर्यंत साठे आणि तो पुढे सरकला की मागे घट्ट होऊन पुन्हा लाकूड होई. विश्रामने एकदा मागे हात लावून पाहिला. नवं लाकूड जुन्यापेक्षा गुळगुळीत होतं, जोड कुठेच सापडेना. विसाव्या वलयात त्याला मोठा कारखाना काढायची इच्छा झाली. ती इच्छा त्याला कधीकाळी होती, हे त्यालाच नवल वाटलं. मग नवल गेलं आणि नुसती इच्छा राहिली.

एकतिसाव्या वलयात पेट्रोल संपलं. टाकी भरायला त्याने इंजिन बंद केलं, आणि लाकडातून ओल्या हळदीचा वास आला. बऱ्याच बायका हसत होत्या, आग्रह करत होत्या. मग एक आवाज, थरथरता पण स्पष्ट, म्हणाला:

"आठळ्या भाजल्या चुलीत, गरे मांडले पानावर,
विश्रामरावांचं नाव आलं पहिल्यांदा ओठांवर."

विश्राम ऐकत राहिला. तो आवाज आणखी थोडा ऐकावा, म्हणून त्याने टाकी नेहमीपेक्षा सावकाश भरली. मग दोरी ओढली आणि वलय ओलांडलं.

पलीकडे आपण लाकडात उभे आहोत, एवढं त्याला दिसलं. हातात एक विलक्षण यंत्र होतं. कवच एकाचं, इंजिन दुसऱ्याचं, दोन बोल्टांना बाहेरून पट्टीचा जोड. हा जोड कुणी हुशार माणसाने केलाय, असं त्याच्या मनात आलं. झाकणावर नाव होतं, सुहासिनी. म्हणजे हे सुहासिनी नावाच्या कुणाचं तरी असणार, आणि ते आपल्याकडे राहून गेलंय. मागे वाट नव्हती, तेव्हा ही सुहासिनी पुढेच कुठेतरी असणार. दुसऱ्याची वस्तू फार दिवस ठेवू नये. तो कापत राहिला. चौतिसाव्या वलयात समोरून एका लहान इंजिनाचा आवाज येऊ लागला, आणि त्याची उत्सुकता इतकी वाढली की तो स्वतःशीच हसला. त्या इंजिनाला पेट्रोल कमी पोहोचत होतं. भेटलं की तेवढं सांगायला हवं.

गाभा बोटभर जाड होता. दोन्ही साखळ्या एकदमच पोहोचल्या असाव्यात, कारण दोन्ही इंजिनं एकदम थांबली. ताटाएवढी एक चकती सुटून खाली पडली. भोकापलीकडे एक मुलगी उभी होती, विशी गाठत आलेली, केसांत भुसा. तिच्या मागेही लाकूडच होतं. तिला तहान लागलेली दिसत होती. तिने हातातलं यंत्र उचलून भोकात धरलं. त्याची एक बाजू खरवडलेली होती.

"हे विश्राम नावाच्या माणसाचं आहे," ती म्हणाली. "तुम्हीच का?"

"मीच." त्याने ते घेतलं. आपलं नाव इतक्या जपून टोचलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. मग त्याने आपल्या हातातलं जड यंत्र भोकातून पुढे केलं. "आणि हे तुमचं. सुहासिनी ना?"

मुलीने झाकणावरची अक्षरं वाचली. तिने हात पुढे केला नाही.

"मी वत्सला," ती म्हणाली. "दुसरीची वस्तू मी कशी घेऊ?"

यंत्र भोकातच राहिलं. ते त्याला मागे घेता येईना, आणि सोडताही येईना. लाकूड त्याच्या टाचांपर्यंत आलं होतं.

"मग ती मागे कुठेतरी राहिली असेल," वत्सला म्हणाली, आणि दोघंही आपापल्या बाजूच्या लाकडाकडे तोंड करून सुहासिनीला हाका मारू लागली.