लोरिसचा उजवा बूट

मित्रांनो, तुमच्याशी बोलतो आहे तो फुटबॉलचा एक बूट, उजव्या पायाचा. माझ्या टाचेजवळची शिवण दोनदा उसवली आणि दोनदा शिवली गेली. कातड्यावर बारीक भेगा पडल्या आहेत. डावा बूट माझा जुळा भाऊ. तो स्वभावाने अबोल, म्हणून आम्हा दोघांची गोष्ट मीच सांगतो.

इटलीच्या उत्तरेला, डोंगरांच्या पायथ्याशी बूट करणाऱ्यांचं एक गाव आहे. तिथे २००१ सालच्या उन्हाळ्यात माझा जन्म झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने लोरिसला कागदावर उभं करून त्याचे पाय पेन्सिलीने आखून घेतले. उजवा पाय डाव्यापेक्षा किंचित मोठा भरला. म्हणून मी माझ्या भावापेक्षा दोन मिलिमीटरने मोठा आहे. या गोष्टीचा मला अजूनही थोडा अभिमान वाटतो.

माझा मालक लोरिस झांपारो तेव्हा तीस वर्षांचा होता. उंच, खांद्यात जरा वाकलेला, कमी बोलणारा. तो बचावफळीत खेळायचा, म्हणजे समोरच्याला गोल करू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. सोळाव्या वर्षापासून तो दुसरं काही शिकला नव्हता. इटलीतल्या दुसऱ्या वर्गाच्या क्लबांतून त्याने अकरा वर्षं काढली. पहिल्या वर्गात तो एकूण चार सामने खेळला, तेही चारही वेळा दुसरा कोणी दमल्यावर. मग क्लबने त्याला नारळ दिला आणि इंग्लंडमधल्या एका क्लबचं बोलावणं आलं. एका पिशवीत आम्ही दोघं, दुसरीत त्याचे कपडे आणि आईने दिलेलं मक्याचं पीठ, असे आम्ही निघालो.

हा क्लब लेस्टरपासून बसने चाळीस मिनिटांवरच्या एका लहान शहराचा. मैदानाला एका बाजूने जुनी विटांची भिंत आणि दुसऱ्या बाजूने सुपरमार्केटचं कारपार्क. मोठ्या लीगमध्ये तो क्लब कधी गेला नाही. पहिल्याच सामन्यात मी घोट्यापर्यंत चिखलात रुतलो. इटलीतल्या कोरड्या गवताची आठवण येऊन मला रडू आलं असतं, पण माझ्या आत आधीच इतकं पाणी शिरलं होतं की कोणाला कळलंही नसतं.

सामन्यानंतर आम्हाला लाँड्रीच्या खोलीत नेलं. तिथे मला सुमनताई भेटल्या.

सुमनताई मूळच्या कोल्हापूरच्या. १९७४ साली लग्न करून त्या लेस्टरला आल्या. वीस वर्षं तिथल्या मोज्यांच्या कारखान्यात शिलाई केली आणि कारखाना बंद पडल्यावर या क्लबात खेळाडूंचे कपडे धुण्याचं आणि बूट पुसण्याचं काम धरलं. साडीवर क्लबचं निळं जॅकेट, पायात लोकरी मोजे. बूट पुसताना त्या बुटांशी मराठीत बोलत. "काय रे, किती लोळलास आज? ये इकडे." माझी मराठी ही अशी, ओल्या फडक्याबरोबर माझ्यात मुरलेली.

लोरिसला इंग्रजी येत नव्हतं. सराव संपला की बाकीचे पबमध्ये जात, तो मात्र लाँड्रीत येऊन बसे. सुमनताईंना इंग्रजी येई, पण त्या म्हणत, "माझं इंग्लिश फॅक्टरीतलं आहे, त्यात निम्म्या शिव्याच." तरी त्यांनी त्याला बसचं वेळापत्रक वाचायला शिकवलं. क्लबचा फिजिओ शशी पुण्याचा. तो त्यांना 'सुमनताई' म्हणायचा. लोरिसला ते एकच नाव वाटलं. तोही मोठ्या आदराने हाक मारायचा, "मिसेस सुमंताई!"

एकदा त्याने डब्यातून मक्याच्या पिठाचा त्याच्या आईच्या पद्धतीचा पदार्थ आणला. सुमनताईंनी चमचाभर खाल्ला आणि त्या खुदकन हसल्या.

"अरे, ही तर उकड! फोडणी कुठे गेली हिची?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी लसूण, मिरची, कढीपत्ता घालून तीच उकड करून आणली. लोरिसच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण डबा त्याने पुसून घेतल्यासारखा रिकामा केला.

मित्रांनो, पुढची अडीच वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. गोल करणारा सगळ्यांना दिसतो. न झालेला गोल कोणाला दिसत नाही. पण त्या गावातल्या लोकांना दिसायचा. लोरिसने घसरत जाऊन चेंडू अलगद काढून घेतला की भिंतीकडची सगळी माणसं उभी राहत. कोणीतरी पलंगावरच्या चादरीवर त्याचं नाव रंगवून आणलं होतं. त्यात स्पेलिंग चुकलं होतं. लोरिसने ती चादर मागून घेतली आणि घरी भिंतीवर लावली.

मग २००४ सालचा जानेवारी उजाडला. लहान-मोठे सगळे क्लब ज्यात उतरतात त्या कपच्या सामन्यात आमच्या छोट्याशा क्लबसमोर पहिल्या वर्गातला एक बलाढ्य संघ आला, आणि तोही आमच्याच मैदानावर. गावात दुसरा विषय नव्हता. लोरिस तेहतीस वर्षांचा झाला होता. ज्या दर्जाच्या खेळाडूंबरोबर तो आयुष्यात फक्त चार वेळा मैदानात उतरला होता, ते आता त्याच्या दारात येणार होते.

पण त्याआधी काही आठवड्यांपासून मला एक गोष्ट कळत होती. लोरिस माझ्यावर पूर्ण भार टाकत नव्हता. पाऊल आतल्या कडेवर पडे आणि पटकन उचललं जाई. अंगठ्याचा दाब येईनासा झाला होता. वळताना त्याच्या गुडघ्यातून एक कळ निघे आणि पोटरीतून उतरत थेट माझ्या तळापर्यंत पोचे. मी कोणाला सांगणार? बुटाने मालकाचं दुखणं चारचौघांत मांडावं का, हेही मला कळत नव्हतं.

सांगायची वेळच आली नाही. सामन्याच्या आदल्या सोमवारी सुमनताईंनी मला उलटा धरला आणि त्यांचा हात थांबला. माझ्या तळाचे स्टड, म्हणजे चिखलात रुतणारे खुंट, आतल्या बाजूने झिजून गेले होते आणि बाहेरचे नव्यासारखे होते. त्यांनी माझ्या भावाला पाहिलं. तो सगळीकडून सारखा झिजला होता. मग त्यांनी धुवायच्या टोपलीतून लोरिसचा मोजा शोधून काढला आणि उजेडात धरला. तोही आतल्या कडेनेच विरला होता. वीस वर्षं मोजे शिवलेल्या बाईला त्याहून जास्त काही लागत नाही.

लोरिस आला तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "गुडघा कधीपासून दुखतोय?"

"ठीक आहे, मिसेस सुमंताई. सगळं ठीक."

"शशीला सांगितलंस?"

"नाही. प्लीज. शनिवारनंतर सांगतो." त्याने हात जोडले. हे तो त्यांच्याकडूनच शिकला होता. "मी शनिवारी खेळलो नाही, तर मग मी कोण?"

सुमनताईंनी मोजा परत टोपलीत टाकला. पण त्या आठवड्यात रोज मला पुसताना त्या गप्प असत. एकदाच म्हणाल्या, "सांगू की नको रे? त्याचं स्वप्न आहे ते."

शनिवारी सकाळी त्यांनी आम्हा दोघांना टॉवेलमध्ये गुंडाळलं, कपडे वाळवायच्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. दुपारी बाराच्या सुमारास लोरिसचा आवाज आला.

"माझे बूट कुठे आहेत?"

"माझ्याकडे आहेत. देणार नाही."

"हा विनोद आहे का?"

"नाही."

मग तो त्याच्या भाषेत ओरडला. त्याला तसं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्याने कपाटाचं दार हलवलं. बाहेर फळीवर दुसऱ्यांचे बूट होते, ते घालूनही तो जाऊ शकला असता. पण सुमनताई खोलीच्या दारातून बाजूला झाल्या नाहीत.

"ऐक," त्या म्हणाल्या. "माझे मिस्टर, कमलाकर. ते बस डेपोत होते. चार दिवस छातीत दुखत होतं. मी विचारलं की म्हणायचे, ठीक आहे. मला दिसत होतं की ठीक नाही. पण मी म्हटलं, मोठा माणूस आहे, त्याचं त्याला कळतं. पाचव्या दिवशी बसस्टॉपवरच कोसळले आणि गेले. त्रेपन्न वर्षांचे होते. तू माझ्यावर चीड, हवं तर परत बोलू नकोस. पण मी दुसऱ्यांदा गप्प बसणार नाही."

बाहेर धुण्याची टोपली करकरली. लोरिस त्या टोपलीवर बसला होता. हुंदके ऐकू आले. हळूहळू तेही थांबले. मग तो उठला आणि स्वतःच्या पायाने शशीच्या खोलीकडे गेला.

थोड्या वेळाने शशी धावत आला. "सुमनताई, लिगामेंट जवळजवळ फाटलंय. आज एक राँग टर्न बसला असता ना, तर गुडघा कायमचा गेला असता. फुटबॉल सोडा, नीट चालताही आलं नसतं त्याला. तुम्हाला कसं कळलं?"

"बुटाने सांगितलं," सुमनताई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

त्या दिवशी आमच्या संघाने तो बलाढ्य संघ एक-एक असा बरोबरीत रोखला. लोरिसच्या जागी खेळलेल्या मुलाला लोकांनी खांद्यावर घेतलं. लोरिस कोट घालून बाकावर बसला होता आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता, असं शशीने नंतर सांगितलं. आम्ही कपाटातून फक्त गर्जना ऐकली.

त्यानंतर तीन आठवडे लोरिस लाँड्रीत आला नाही. सुमनताई मला वापर नसतानाही तेल लावत. "मी त्याचा दिवस हिरावून घेतला का रे?" त्या विचारत. मित्रांनो, खरं सांगतो, मलाही त्या दिवशी मैदानात उतरायचं होतं.

लेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये लोरिसचं ऑपरेशन झालं. सुमनताई दोन बस बदलून उकडीचा डबा घेऊन गेल्या. परत आल्यावर शशीने विचारलं, "काय म्हणाला?"

"काही नाही. डबा संपवला. मग म्हणाला, मिरची कमी आहे."

एवढं सांगून त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

पुढे वर्षभर शशीने त्याच्याकडून मेहनत करून घेतली. आधी कुबड्या, मग काठी, मग भिंतीला धरून चालणं, मग कारपार्कमध्ये हळूहळू धावणं. चिडायचा, रडायचा, परत उठायचा. २००५ च्या एप्रिलमध्ये, मोसमातल्या शेवटच्या सामन्याला सुमनताईंनी स्वतः आम्हाला नवे स्टड बसवले आणि त्याच्या पायांपुढे ठेवले. त्याने पाय आत घातला. अंगठा माझ्या टोकाशी येऊन भक्कम टेकला. पूर्ण वजन, सगळ्या बाजूंनी सारखं. काय सांगू तुम्हाला!

तो अकरा मिनिटं खेळला. एकदा चेंडू बाहेरून आत फेकला, दोनदा डोक्याने परतवला, आणि एकदा घसरत जाऊन समोरच्याच्या पायातून चेंडू असा काढला की तो खेळाडू पडलाही नाही. लोक उभे राहिले. शिट्टी वाजल्यावर लोरिस खाली बसला, आम्हाला काढलं आणि मोज्यांनीच चालत लाँड्रीत आला.

"हे तुमचे," तो म्हणाला. "मला आता चालायला साधे बूट पुरतील."

त्यानंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. सुमनताई रिटायर झाल्या. आम्ही त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये गेलो. आधी फळीवर, मग रंगाच्या डब्यांमागे. छत गळत होतं. माझ्यावर बुरशी चढली, कातडं लाकडासारखं ताठ झालं, टाचेची शिवण उसवली. त्यांना गुडघेदुखीने बागेपर्यंत येववत नव्हतं. चार वर्षं आम्हाला कोणी हात लावला नाही. मी रागावलो नाही, पण वाट पाहिली.

२००९ साली त्या एका लहान फ्लॅटमध्ये राहायला जाणार होत्या. त्यांची सून नीना शेड रिकामी करत होती. तिने आम्हाला चिमटीत धरलं, "ईऽऽ" म्हणाली आणि कचऱ्यात टाकलं. तिचा काय दोष? तिला आम्ही कोण हे कोणी सांगितलं नव्हतं. नेमका त्याच वेळी सामान उचलायला व्हॅन घेऊन एक उंच, खांद्यात वाकलेला माणूस आला. तो आता नगरपालिकेच्या क्रीडा केंद्रात प्रशिक्षक होता. त्याने कपाट एकट्याने उचललं, पायऱ्या उतरला, आणि कचऱ्याजवळ थबकला.

"नीना," तो म्हणाला, "हे थोडे दिवस माझ्याकडे राहू देत."

त्याने आम्हाला आठवडाभर तेलात मुरवलं, शिवण घालून घेतली. आता रविवारी सकाळी तो आम्हाला घालून पार्कात जातो. तिथे वेअरहाऊसमधले, दवाखान्यातले, टॅक्सी चालवणारे लोक खेळतात. कोणी चांगलं खेळत नाही. चादरी रंगवून कोणी आणत नाही. पण चिखल तोच आहे. खेळ झाला की तो आम्हाला घेऊन सुमनताईंच्या फ्लॅटवर जातो.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुठेतरी फळीवर आमच्यासारखे कोणी पडलेले असतील. त्यांना शोभेसाठी काचेत ठेवू नका. वापरा, मळवा, आणि मळल्यावर पुसा. आणि पुसताना जरा निरखून पाहा. वस्तू पुष्कळ काही सांगत असतात, आपल्याला घालणाऱ्या माणसाबद्दलही. दिसलं तर गप्प राहू नका. तो माणूस चिडेल, आठवडेच्या आठवडे बोलणार नाही. चिडू द्या.

आता मला थांबलं पाहिजे. सुमनताईंनी मांडीवर वर्तमानपत्र अंथरलं आहे, लोरिस चहा टाकतो आहे, आणि त्यांनी लेसखालची माझी जीभ बाहेर ओढून पुसायला सुरुवात केली आहे. अशा वेळी बुटाला बोलता येत नाही.