ईशान्येचे नऊ मासे

माझा धाकटा भाऊ शेषेराव नांदेडच्या रेल्वे डिव्हिजन ऑफिसात नोकरीला आहे. तरोड्यातल्या त्याच्या घराच्या ईशान्य कोपऱ्यात दोन फुटांची एक काचपेटी आहे आणि तिच्यात नऊ मासे आहेत. मासे बदलत राहतात. आकडा बदलत नाही.

आकडा एका वास्तुतज्ज्ञाने दिला. हे गृहस्थ पूर्वी प्लॉटिंगच्या धंद्यात होते. जमिनी विकून संपल्यावर त्यांच्यापाशी विकायला दिशा उरल्या. त्यांनी आठ सोनेरी मासे आणि एक फ्लॉवरहॉर्न सांगितला. फ्लॉवरहॉर्न म्हणजे कपाळावर टेंगूळ आणि अंगावर अक्षरांसारखे काळे ठिपके असलेला, तळहाताएवढा लालसर मासा. त्यांचा सिद्धांत असा: घरावर येणारे संकट यांतला एखादा मासा स्वतःच्या अंगावर घेतो आणि मरतो. मेला की येत्या गुरुवारी त्याची जागा भरायची. घराचे संकट ठरलेलेच होते. शेषेरावची मुलगी सुकन्या लातूरला नीटच्या रिपीटर बॅचमध्ये होती, आणि तेही दुसऱ्यांदा.

मी चौतीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. फ्लॉवरहॉर्नला शेजार सहन होत नाही, हे सांगायला इतकी वर्षे लागत नाहीत. नदीत दोन मासे भांडले की हरलेला निघून जातो आणि भांडण मिटते. दोन फुटांच्या काचेत हरलेला तिथेच राहतो, म्हणून भांडण मिटत नाही. पहिला सोनेरी मासा तिसऱ्या दिवशी फिल्टरमागे दबून मेला. त्याचे शेपूट उरले नव्हते. त्याच आठवड्यात रविवारच्या टेस्टमध्ये सुकन्याचे गुण वीसने वाढले. माझी भावजय शिल्पा हिने दोन्ही बातम्या मला एकाच फोनवर, एकाच स्वरात दिल्या. तिथून पुढे सिद्धांताला पुराव्याची कमतरता पडली नाही. ज्या आठवड्यात मासा मेला आणि गुण घसरले, त्या आठवड्यात मासा मेला नसता तर किती घसरले असते, असा हिशेब होई. अंधश्रद्धा हा शब्द मला आवडत नाही. उरलेल्या श्रद्धेला त्यात फुकटचे डोळे मिळतात.

मासे इतवाऱ्यातल्या हारिसच्या दुकानातून येत. मी त्याला जाब विचारायला गेलो. त्याच्या आजोबांपासूनचे दुकान, आधी पोपट आणि कबुतरांचे. त्याने शांतपणे ऐकून घेतले. विकतानाच त्याने शेषेरावला या माशाला एकटा ठेवायला सांगितले होते; आजही तो परत घ्यायला तयार होता.

“पण सर, साहेबांना मासा पाळायचा न्हाई, मारायचा हाय,” तो म्हणाला. “मी न्हाई दिला तर दुसरीकडून आणतेत. माझ्याकडचा निदान तंदुरुस्त तरी असतो. दोन दिवस जास्त टिकतो.”

एवढे सरळ विधान त्या वर्षी मला दुसऱ्या कोणाकडून ऐकायला मिळाले नाही.

जुलैमध्ये एका प्रबंधाच्या तोंडी परीक्षेसाठी लातूरला गेलो, तेव्हा सुकन्याच्या खोलीवर गेलो. चार मुली, चार कॉट, आठ दिवसांतून एकदा नळाला पाणी. भिंतीवर चौघींची वेळापत्रके एकमेकांना टेकून लावलेली. तिने मला सगळे फार व्यवस्थित सांगितले. रविवारी टेस्ट, सोमवारी यादी, यादीप्रमाणे बाक. शेवटच्या बाकावरची खालच्या बॅचमध्ये जाते आणि तिची जागा त्याच दिवशी भरली जाते. जूनपासून दर रविवारी पहाटे तिला उलटी होत होती. केस गळत होते. हे सांगताना ती माझ्यासाठी सफरचंद कापत होती, आणि फोडी अगदी सारख्या पडत होत्या.

“मोठे काका, मला घरी यायचंय,” ती म्हणाली. “पण मी म्हणणार न्हाई. मी म्हणलं की मी हरले. तुम्ही म्हणा.”

मी म्हणालो. शेषेराव क्रूर माणूस नाही. क्रूर असता तर वाद घालता आला असता. त्याने दुसऱ्याच दिवशी मला शब्द दिला. “तिनं स्वतः एकदा म्हणू द्या, दादा. त्याच दिवशी सामान आणतो. पण माझ्या तोंडानं मी तिला मागं ओढणार न्हाई.” म्हणजे मुलगी बापाच्या तोंडाकडे पाहत होती आणि बाप मुलीच्या. महालक्ष्म्यांना ती दोन दिवस येणार होती. माझ्या जुन्या कॉलेजात बीएस्सीची एक जागा मी विसर्जनाच्या दिवसापर्यंत धरून ठेवली.

राहिले मासे. मासे मरत होते तोवर शेषेरावच्या घरात उपाय लागू पडत होता, आणि लागू पडणारा उपाय मध्येच सोडून द्यायला कोण सांगणार? मरणे थांबवले की पुरावा थांबेल, असे अनुमान मी काढले. मी आधी पेटीतले दगड हलवले. जागा अनोळखी झाली की मालकीचा अंमल ढिला होतो. दोन दिवस शांतता राहिली. मग फुटक्या माठाचे अर्धे तुकडे आडोशाला ठेवले. फ्लॉवरहॉर्नने त्यांतला सगळ्यांत मोठा स्वतःसाठी घेतला आणि उरलेल्यांवर पहारा बसवला. शेवटी मी पेटीच्या मापाची, भोके पाडलेली काच कापून आणली आणि मधोमध उभी बसवली. एकीकडे तो, दुसरीकडे आठ. पेटी एकच, आकडा नऊच. वास्तुतज्ज्ञांनी काचेविषयी काही सांगून ठेवले नव्हते, म्हणून शेषेरावने हरकत घेतली नाही.

पाच आठवडे एकही मासा मेला नाही. फ्लॉवरहॉर्न काचेवर धडका देऊन थकला. सोनेरी माशांची शेपटे पुन्हा वाढू लागली. मी दर दोन दिवसांनी जाऊन पाहत असे, आणि मला जे वाटे त्याला समाधान म्हणायला आज लाज वाटते.

त्या पाच आठवड्यांत सुकन्याचे गुण साठने उतरले, आणि शिल्पा तिला दर रविवारी फोनवर विचारपूस करताना माशांचेही सांगत होती, हे मला कोणी सांगितले नाही. मी विचारलेही नाही. मी माशांच्या वर्तनाचा अभ्यासक आहे.

महालक्ष्म्यांच्या जेवणादिवशी दुपारी पंगत उठल्यावर मी शेषेरावला पेटीच्या खोलीत आणले. सुकन्या तिथेच उभी होती. ती आणखी वाळली होती. शिल्पा दारात पुरणाचे हात पुसत थांबली. मी जागेचे सांगितले, उद्याच्या तारखेचे सांगितले. शेषेराव खुर्चीच्या कडेवर बसला. त्याचा चेहरा पाहून मला खात्री वाटली की त्यालाही तिने ते म्हणावे असेच वाटते आहे.

“बोल माय,” तो म्हणाला. “काका म्हणतेत ते खरं हाय का? तू म्हण. मी काही म्हणणार न्हाई.”

ती पेटीपाशी वाकली.

“ही काच कोणी बसवली?”

मी बसवली, असे मी सांगितले.

तिने झाकण उचलून बाजूला ठेवले, ओढणी खांद्यावर मागे टाकली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. काच घट्ट बसली होती. तिला दोन्ही हात लावावे लागले. कोणी तिला तसे कर म्हटले नाही आणि कोणी करू नको म्हटले नाही. मी हलण्याच्या आत काच बाहेर आली होती. ती तिने भिंतीला टेकवून उभी केली.

“काका, रविवारी टेस्ट हाय,” ती म्हणाली. समजूत घालावी तसे म्हणाली.

पेटीत काही क्षण काहीच घडले नाही. काच होती तिथपर्यंत फ्लॉवरहॉर्न आला आणि सवयीने थांबला. आठही मासे आपल्या अर्ध्यात मोकळे फिरत होते. मग तो एक वीत पुढे सरकला. शेषेराव उठून बाहेर गेला. शिल्पाने मुलीला हात पुसायला टॉवेल दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकन्या लातूरच्या बसने गेली. मी कॉलेजात जाऊन जागा सोडल्याचे लिहून दिले. सोमवारी संध्याकाळी तिचा स्वतःचाच फोन आला. गुण पस्तीसने वाढले होते, बाक दोन ओळी पुढे सरकला होता. आवाज बसलेला होता, पण ती खुशीत होती. दिवाळीला येणार नाही, म्हणाली. क्रॅश बॅच सुरू होते. आणि वर्गातल्या एका मुलीचे, गुरम्माचे, गुण उतरलेत, तिच्याही घरी मासे ठेवता येतील का, ते हारिसला विचारून सांगा, असेही म्हणाली.

मी विचारतो म्हणालो.