वाटसराच्या हातावरचा गूळ

कुणाला पटणार नाही, नका पटवून घेऊ. पण पणदऱ्याचा झुंबर गुळव्या उकळत्या काहिलीत कोपरापर्यंत हात बुडवून पाक तपासायचा आणि तोच हात मिशीवरून फिरवायचा. मग आठ दिवस मुंग्या थेट सुप्याहून रांग लावून त्याच्या ओठापाशी यायच्या.

चौतीस सालच्या हंगामात मात्र सर्जेरावांच्या गुऱ्हाळावर मुंग्यांच्या आधी रमाकांत आला. बारामतीचा दलाल, मुंबईच्या एका गोऱ्या पेढीचा माणूस. त्याने झुंबरच्या हातावर पांढऱ्या भुकटीची पुडी ठेवली.

"ही घाला. गूळ बगळ्यासारखा होईल. इंदापूरकडे सगळे घालतात."

"हाय काय ही?"

"औषध आहे. रंगासाठी."

"मग गूळ आजारी हाय व्हय?"

चुलवाणात चिपाड सारणारी फुलाबाई फिसकन हसली. रमाकांत हसला नाही.

"आमचे साहेब शिकलेले आहेत, झुंबरराव. ते म्हणतात, ज्यानं जास्तीत जास्त लोक खूश होतात तेच नीतीचं. पांढरा गूळ बघून हजार गिऱ्हाइकं खूश होतात. कायद्यात मनाई नाही. विलायतेत धंदा असाच चालतो."

"आन् आत काय हाय, ते खानाऱ्याला सांगता का?"

"तो कुठं विचारतो?"

झुंबरनं पुडी मुठीत आवळली. चाळीस हंगामांत त्याच्या काहिलीवरून एक वाटसरू कोरड्या हातानं गेला नव्हता. रस्त्यानं जाणाऱ्याच्या हातावर जे ठेववत नाही, ते ढेपेत घालायचं नाही, एवढीच त्याची नीती. आणि जन्मात ऊस न सोललेला कुणी साहेब त्याला नीती शिकवणार!

मालक सर्जेराव जमिनीकडं बघत म्हणाले, "घाला झुंबरतात्या. न्हायतर उद्यापासनं हितं इंदापूरचा गुळव्या उभा राहील. ह्यांच्याबिगर माझा गूळ उचलतो कोण?"

"असं? मालकच म्हंत्यात तर घालतो की!"

झुंबर पाठ करून काहिलीवर वाकला. हात झटकला, पाक ढवळला. मग पळसाच्या पानावर गरम गुळाचा गोळा काढून रमाकांतपुढं धरला.

"घातली. पैला घास पाव्हण्याचा."

"नको. आज उपास आहे."

"उपासाला गूळ चालतो."

"दाढ दुखते."

"मऊ हाय. घ्या. हजार लोक खूश व्हनार, तुमी एकटेच कशाला दुःखी?"

"अहो, कळत कसं नाही? ते खायचं नसतं, विकायचं असतं!"

गड्यांचे हात जागीच थांबले. चरकाचे बैलसुद्धा थबकले, आणि बैल कान टवकारून ऐकत होते हे सगळ्या पणदऱ्याला ठाऊक आहे.

सर्जेरावांचा चेहरा चुलवाणासारखा पेटला. "माझ्या नावावर लोकांच्या पोरांना हे खाऊ घालनार हुता? चालतं व्हा! गूळ न्हाई खपला तर आमी घरात खाऊ. तात्या, काहील तुमचीच. पन हा घाण पाक आत्ताच्या आत्ता उकिरड्यावर ओता!"

दोघा गड्यांनी काहिलीच्या कड्यांत बांबू घातला. झुंबर खोकला, मिशी चाचपली, आभाळाकडं बघू लागला.

"आवं थांबा, सोन्यासारखा गूळ!" फुलाबाई चिपाड टाकून ओरडत धावली. "धडधडीत खोटं बोलतोय म्हातारा! पुडी त्याच्या कनवटीलाच हाय!"