तिसऱ्या नंबरची टिकटिक

मी एक जुना सिलिंडर आहे. गॅसचा नव्हे मित्रांनो, स्वयंपाकघरातला तो गडी वेगळा. मी गाडीच्या इंजिनातला, तिसरा नंबर. लोखंड वितळवून ओतलं, आत गोल भोक पाडलं, घासूनपुसून आरशासारखं केलं, की झालो मी. माझ्या पोटात पिस्टन वरखाली पळतो. डोक्यावर दोन झडपा. एक हवा-पेट्रोल आत घेते, दुसरी धूर बाहेर सोडते. मधे दोन्ही गच्च मिटायच्या, वरून प्लगची ठिणगी पडायची आणि मी पेट घ्यायचा. आम्ही चौघं भाऊ असे पाठोपाठ पेटतो, तेव्हा कुठं गाडी हलते.

आमचा मालक धंद्यानं ड्रायव्हर. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि उतारवयात ही एक स्वतःची घेतली. मग लाड काय विचारता. बॉनेटवर हात फिरवल्याशिवाय चावी लावायचा नाही. चढ चढून वर आलो की म्हणायचा, "शाब्बास रे वाघांनो." लोखंडाला काय कळतंय, म्हणाल तुम्ही. कळतं बाबांनो.

पुढं त्याच्या किडन्या रुसल्या. आता लेक गाडी चालवते आणि म्हातारा मागं बसतो. आठवड्यातून दोनदा रक्त धुवायला दवाखान्यात न्यावं लागतं, आणि दवाखाना चढावर. येताना त्याचं तोंड पांढरंफटक पडायचं. लेक विचारायची, "बाबा, काही होतंय का?" हा म्हणायचा, "मला काय धाड भरलीय?"

स्वतःचं तोंड असं शिवलेलं, आणि माझी टिकटिक मात्र त्याला खपेना. झडपेवर दाब देणारा एक दांडा असतो, त्याला टॅपेट म्हणतात. टॅपेट आणि झडप यांच्यात केसाएवढी फट ठेवावीच लागते, आणि फट आली की बारीक टिकटिक आली. पण म्हाताऱ्याचं म्हणणं, इंजिन ऐकू आलं तर ड्रायव्हर कसला. गेला जुन्या दोस्ताकडं, मिस्त्रीकडं. "आवळ."

"अरे, एवढी फट पाहिजेच."

"पाहिजे न् बिहिजे. माझा कान सांगतो तसं कर."

कान लावून हा उभा, पाना घेऊन तो वाकलेला. माझाच आवाज सगळ्यांत मोठा, म्हणून मलाच जास्त पिळलं. "अजून एक पीळ. हां, आता कसं."

गप्प झालो खरा. पण लोखंड तापलं की फुगतं. फटच ठेवली नाही, तर झडप मिटणार कशी? दारात बोट अडकल्यासारखी ती उघडी राहायला लागली, आणि माझा सगळा जोर धुराच्या वाटेनं निसटायला लागला. एकदा ऐन चढावर गाडी धक्के खाऊन बंदच पडली. लेकीनं बापाला धरून धरून उरलेला चढ पायी नेलं. त्या दिवशी ती म्हणाली, "मिस्त्रीला दाखवते. इंजिन खोलायला लागलं तर विकून दुसरी घेणार. गाडी महिनाभर गॅरेजात पडली, तर तुम्हाला काय पाठीवर नेऊ?"

गॅरेजात मिस्त्रीनं इंजिन चालू ठेवून एकेकाच्या प्लगची वायर काढून बघितली. पहिल्याची काढली, इंजिन लटपटलं. दुसऱ्याची, चौथ्याची काढली, तसंच. माझी काढली, काहीच नाही.

"हा बघ, तिसरा. याला काढला काय नि ठेवला काय."

मित्रांनो, याच्याहून वाईट बोल मी ऐकला नाही. घरातून उठून जावं आणि कुणाला पत्ताही लागू नये, तसं झालं.

मग माझा प्लग शेजाऱ्याला दिला, शेजाऱ्याचा मला. माझा तिकडं झकास पेटला, त्याचा माझ्याकडं मुका. म्हणजे खोट माझ्यातच. प्लगच्या भोकाला दाब मोजायचं घड्याळ लावलं. भावांचा काटा वर, माझा अर्ध्यावर. चमचाभर ऑइल आत ओतून पुन्हा बघितलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलनं दाब वाढला असता. काटा हलला नाही.

"झडप आहे," मिस्त्री म्हणाला. "जळली असेल तर इंजिनचं डोकं उतरवावं लागेल."

"मग विकायची, बाबा," लेक म्हणाली. म्हातारा खुर्चीत बसून स्वतःच्या चपलांकडं बघत राहिला.

इंजिन गार होईस्तोवर चहा झाला. मग वरचं झाकण काढून मिस्त्री माझ्या फटीत मापाची पत्ती घालायला लागला. जाईना. सगळ्यांत पातळ घेतली, तीही जाईना. त्यानं दोस्ताकडं बघितलं.

"तुझा कान."

"तुझा पाना," म्हातारा पुटपुटला.

"दोघांनी मिळून गळा दाबलाय याचा."

लेकीनं कप खाली ठेवला. "आमच्या घरची रीतच आहे ती, काका. आवाज नाही म्हणजे सगळं ठीक. विचारा यांना, पाय दुखतात का. नाही म्हणतील. मग भिंत धरून कोण चालतं, शेजारी?"

मिस्त्रीनं नट सैल केला, फट सोडली, घड्याळ पुन्हा लावलं. आता झडप जळलेली निघाली, तर गाडी गेलीच. लेकीनं चावी फिरवली. काटा चढत चढत भावांच्या काट्याशी येऊन थांबला. झडप शाबूत होती.

घड्याळ काढून प्लग परत बसवला आणि मी पेटलो. मागोमाग टिकटिकही आली. म्हाताऱ्यानं तोंड वाकडं केलं. "शिलाई मशीन झालं गाडीचं."

"मग घरी नेऊन पडदे शिव," मिस्त्री म्हणाला.

तर मित्रांनो, माझं मागणं एवढंच. यंत्र असो की माणूस, त्याला थोडी कुरकुर करू द्या. कानाला गोड लागावं म्हणून आवळू नका. बिघडलेला बोलतो तोवर दुरुस्त होतो. गप्प केलेला एक दिवस चढावर दगा देतो, आणि त्यात त्याचा काय दोष?

परवा दवाखान्यातून परतताना मागून आवाज आला, "जरा थांबतेस का? पायात गोळे आलेत. कधीपासून येतात." लेकीनं गाडी कडेला घेतली, मागं जाऊन बसली आणि बापाचे पाय मांडीवर घेतले. इंजिन बंद करायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. मी आपला टिकटिकत होतो, आणि म्हातारा सांगत होता. पाय, पाठ, झोप, सगळं.